पाचवा नट आणि चिचुंद्रीचं चौथं पिल्लू

ऐकलंत का? निळ्या गाडीच्या चाकात म्हणे कोणीतरी अडकलंय. आता चाक कापणार. आणि आजोबा ती गाडी म्हणे...

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. सुंईईई. पुढचं काही ऐकूच आलं नाही.

भिंतीपलीकडे बायका बोलत होत्या. भिंतीअलीकडे माझा कान होता. आता अर्धी बातमी घेऊन कोणी घरात बसतं का? मी गेले बाहेर. पाहिलं सगळं. आधीचं विचारून घेतलं. तेच सांगते.

गल्लीच्या टोकाला होती एक निळी गाडी. जुनी गाडी. आजोबांची गाडी.

गाडीमागे होतं मोरीचं भोक. भोकात राहायची चुंद्री.

चुंद्री म्हणजे चिचुंद्री. लांब लांब नाक. इवले इवले डोळे. मऊ मऊ करडं अंग.

चुंद्रीची पिल्लं चार. ती कशी चालतात, माहीत आहे? आगगाडीसारखी. पहिलं पिल्लू आईला धरतं. दुसरं पहिल्याला धरतं. तिसरं दुसऱ्याला धरतं. चौथं तिसऱ्याला धरतं. आणि निघाली गाडी. तुरु तुरु तुरु. चुक चुक चुक.

त्या सकाळी निळ्या गाडीचं चाक बसलं. फुस्स. सगळी हवा गेली.

आजोबांनी रज्जाकमिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री म्हणजे गाड्या दुरुस्त करणारे. मिस्त्रींनी चाकाला पाना लावला. एक नट ढिला झाला. दुसरा ढिला झाला. तिसरा झाला, चौथा झाला.

पाचवा?

पाचव्यावरून पाना सटकला. खणण् खणण्. पडला खाली.

गाडीखालून तेव्हाच चालली होती चुंद्रीची आगगाडी. आवाज झाला आणि आगगाडी तुटली. एक पिल्लू इकडे, एक पिल्लू तिकडे.

चुंद्रीने नाकाने हुंगलं. एक सापडलं. दोन सापडली. तीन सापडली.

चौथं कुठे गेलं?

"चूं चूं चूं," चाकाच्या आतून आवाज आला.

चौथं पिल्लू घाबरून चाकामागे शिरलं होतं. चाकामागे असते एक लोखंडी ताटली. चाक आणि ताटली, मध्ये पिल्लू. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना.

चुंद्री चाकापाशी गेली. मागे तीन पिल्लांची गाडी. तुरु तुरु तुरु. चुक चुक चुक.

"चाका, चाका,
पिल्लू माझं अडकलं.
तू तरी हल ना."

चाक म्हणालं, "मी नाही बाई हलायचं. पाचवा नट मला धरून बसलाय. नट सुटेल, तर मी हलेन."

चुंद्री नटाकडे गेली. तो तर तिथेच होता, चाकाच्या पोटावर. तुरु तुरु तुरु. चुक चुक चुक.

"नटा, नटा,
पिल्लू माझं अडकलं.
चाक काही हलेना.
तू तरी सूट ना."

हा नट साधा नव्हता. कुलपाचा नट होता. गोल डोकं, गुळगुळीत डोकं. चोराने चाक नेऊ नये म्हणून बसवलेला. त्याची एक खास चावी होती. ती लावली, तरच तो सुटायचा. आणि ती चावीच हरवली होती.

नट म्हणाला, "मी नाही बाई सुटायचा. चावी नाही, तर निदान गोटी हवी. गोटी बसेल, तर मी सुटेन."

गोटी म्हणजे खेळायची नव्हे. नटाच्या डोक्यावर टोपीसारखी बसते ना, ती लोखंडी वाटी. ती होती मिस्त्रींच्या डब्यात, अगदी तळाशी. चुंद्री डब्यात उतरली. तुरु तुरु तुरु. चुक चुक चुक.

"गोटी, गोटी,
पिल्लू माझं अडकलं.
चाक काही हलेना.
नट काही सुटेना.
तू तरी बस ना."

गोटी म्हणाली, "मी नाही बाई बसायची. नटाचं डोकं मोठं, माझं तोंड केसभर लहान. हातोडा मारेल, तर मी बसेन."

हातोडा डब्याला टेकून उभा होता. चुंद्री वर चढली. तिन्ही पिल्लं वर चढली. तुरु तुरु तुरु. चुक चुक चुक.

"हातोड्या, हातोड्या,
पिल्लू माझं अडकलं.
चाक काही हलेना.
नट काही सुटेना.
गोटी काही बसेना.
तू तरी मार ना."

हातोडा म्हणाला, "मी नाही बाई मारायचा. मला कुठे हात आहेत? मिस्त्री हात लावतील, तर मी मारेन."

"चूं चूं," चाकातून आवाज आला. मघाशी तीनदा आला होता. आता दोनदाच आला.

चुंद्री धावली. मिस्त्री ओट्यावर बसले होते. हातात चहाची बशी. तुरु तुरु तुरु. चुक चुक चुक.

"मिस्त्रीदादा, मिस्त्रीदादा,
पिल्लू माझं अडकलं.
चाक काही हलेना.
नट काही सुटेना.
गोटी काही बसेना.
हातोडा काही मारेना.
तुम्ही तरी हात लावा ना."

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. वाकून चाकाकडे पाहिलं. मग मान हलवली. गोटी ठोकून बसवली की नटाचं डोकं चेपणार. तो नट पुन्हा कामाचा राहणार नाही. गाडी परक्याची. मालकाला न विचारता हातोडा घालायचा कसा? मागे एकदा घातला होता, तर मालक महिनाभर बोलत नव्हता.

मिस्त्री म्हणाले, "मी नाही बाई हात लावायचा. आजोबा हो म्हणतील, तर मी हात लावेन."

आजोबा अंगणात खुर्चीवर बसले होते. खिसे तपासत होते. हा खिसा, तो खिसा, चष्म्याचं घर. तुरु तुरु तुरु. चुक चुक चुक.

"आजोबा, आजोबा,
पिल्लू माझं अडकलं.
चाक काही हलेना.
नट काही सुटेना.
गोटी काही बसेना.
हातोडा काही मारेना.
मिस्त्री हात लावेनात.
तुम्ही तरी हो म्हणा ना."

आजोबांना ते पटेना. माझ्या गाडीवर हातोडा? छे छे. चावी घरातच आहे. मी स्वतः जपून ठेवली आहे. कुठे ठेवली, तेवढं फक्त आठवत नाही.

आजोबा म्हणाले, "मी नाही बाई हो म्हणायचा. आजी शोधेल, तर मी हो म्हणेन. आधी चावी शोधू दे, नाहीच मिळाली तर बघू."

चुंद्री गेली आजीकडे. आजी दारात बसली होती, उन्हात पाय पसरून. तुरु तुरु तुरु. चुक चुक चुक.

"आजी, आजी,
पिल्लू माझं अडकलं.
चाक काही हलेना.
नट काही सुटेना.
गोटी काही बसेना.
हातोडा काही मारेना.
मिस्त्री हात लावेनात.
आजोबा हो म्हणेनात.
तू तरी शोध ना."

आजी हसली. म्हणाली, यांनी जपून ठेवायचं आणि मी शोधायचं, हे आमचं चाळीस वर्षं चाललंय. पण आज मी उठू कशी? मांडीवर गुंडी निजली आहे.

गुंडी म्हणजे मांजर. हो, मांजर.

आजी म्हणाली, "मी नाही बाई शोधायची. आत्ताच तिचा डोळा लागलाय. मांजर उठेल, तर मी शोधेन."

चुंद्री थांबली. तिच्या मिशा थरथरल्या.

मांजरापाशी कोणी चिचुंद्री जाते का?

"चूं," चाकातून आवाज आला. एकदाच आला. अगदी बारीक.

चुंद्रीने तीन पिल्लं चपलेमागे लपवली. इथेच बसा, हलू नका, म्हणाली. मग एकटीच निघाली. मागे गाडी नाही. तुरु. थांबली. तुरु. थांबली. तुरु.

आता चुक चुक नाही. हळू आवाजात बोलली.

"मांजरमावशी, मांजरमावशी,
पिल्लू माझं अडकलं.
चाक काही हलेना.
नट काही सुटेना.
गोटी काही बसेना.
हातोडा काही मारेना.
मिस्त्री हात लावेनात.
आजोबा हो म्हणेनात.
आजी काही शोधेना.
तू तरी ऊठ ना."

गुंडीने एक डोळा उघडला. तो हिरवा होता. मोठा होता.

"मी नाही उठायची," गुंडी म्हणाली. आणि डोळा मिटला.

ती 'तर' म्हणालीच नाही. अमुक झालं तर उठेन, तमुक झालं तर उठेन, काहीच नाही. आता पुढे कोणाकडे जायचं? पुढे कोणीच नव्हतं.

चुंद्री तिथेच उभी राहिली. भीती वाटत होती, तरी उभी राहिली.

आणि चिचुंद्री घाबरली की काय होतं, सांगू? तिच्या अंगाला वास सुटतो. असा वास, असा वास की काही विचारू नका.

गुंडीचं नाक हललं. हुं हुं. गुंडीच्या मिशा हलल्या.

"फिश्शी," गुंडी शिंकली. "फिश्शी. फिश्शी."

शेपटी फुगवून टुणकन उडी मारली आणि गेली ती थेट भिंतीवर. तिकडे तोंड करून बसली.

मांजर उठलं.

मांजर उठलं, आजी उठली. पदराने नाक धरलं आणि शोधायला लागली.

आजीने फडताळ पाहिलं. शिवणाचा डबा पाहिला. देवघराचा खण ओढला. खर्रर्र. खणात होती झेंडूची एक पाकळी. वाळून कुरकुरीत झालेली.

आजीने पाकळी उचलली. आणि तिला आठवलं. पाकळी घेऊन ती अंगणात आली.

"दसऱ्याला गाडीची पूजा कोणी केली?" आजीने विचारलं.

"मी," आजोबा म्हणाले.

"पान्याला कुंकू लावलं. चावीलाही लावलं. वर झेंडूची फुलं वाहिली. मग वाळलेल्या फुलांची पुडी कोणी बांधली?"

"मी."

"पुडी निर्माल्याच्या कुंडात कोणी टाकली?"

"मी."

"मग चावी कुठे गेली?"

आजोबांनी आकाशाकडे पाहिलं. मग चपलांकडे पाहिलं. मिस्त्रींनी तोंडावर रुमाल धरला. हसू दिसू नये म्हणून.

आजोबा उठले. गाडीपाशी गेले. गाडीच्या निळ्या पाठीवर हात ठेवला. ही गाडी त्यांनी रोज पुसली होती. एक ओरखडा पडू दिला नव्हता. आजोबा खाली वाकले. चाकाला कान लावला.

आतून आवाजच येईना.

"हो," आजोबा म्हणाले. "मार, रज्जाक. लवकर मार."

आजोबा हो म्हणाले, मिस्त्रींनी हात लावला. एका हातात हातोडा, एका हातात गोटी.

चुंद्री चाकाजवळ धावली. चाकाला नाक लावलं.

"बाळा," चुंद्री म्हणाली, "आता मोठा आवाज होईल. घाबरू नको. तो आवाज आपल्यासाठीच आहे."

मिस्त्रींनी हात लावला, हातोड्याने मारलं. ठाण्. ठाण्. ठाण्.

हातोड्याने मारलं, गोटी बसली. खट्. नटाच्या डोक्यावर घट्ट बसली.

मिस्त्रींनी गोटीला दांडा लावला. दांड्यात लांब पाइप घातला. जोर लावला. हुं हुं. नट हलेना. मग आजोबांनीही पाइप धरला. एक मिस्त्री, एक आजोबा. हुं हुं हुं.

कर्रर्र... कट्.

गोटी बसली, नट सुटला.

मिस्त्रींनी गाडीखाली जॅक लावला. गाडी वर वर आली. पाचही नट फिरवून काढले. दोन्ही हातांनी चाक धरलं.

नट सुटला, चाक हललं. चाक हललं आणि बाहेर आलं.

चाक बाहेर आलं आणि...

लोखंडी ताटलीला चिकटून काळं काळं काय बसलं होतं? नाक काळं, पाय काळे, शेपटी काळी.

"चूं," ते म्हणालं.

पिल्लू. चुंद्रीचं चौथं पिल्लू.

चुंद्रीने त्याला हुंगलं. चाटलं. पुन्हा हुंगलं. तेलाचा वास येत होता, तरी चाटलं. चपलेमागची तिन्ही पिल्लं धावत आली. पहिल्याने आईला धरलं. दुसऱ्याने पहिल्याला धरलं. तिसऱ्याने दुसऱ्याला धरलं. चौथ्याने तिसऱ्याला धरलं, अगदी घट्ट धरलं.

आता घरी जायचं ना? नाही. आधी चुंद्री सगळ्यांकडे गेली.

तुरु तुरु तुरु. चुक चुक चुक.

"चाका, तू हललास, फार बरं केलंस.
गोटी, तू बसलीस, फार बरं केलंस.
हातोड्या, तू मारलंस, फार बरं केलंस.
मिस्त्रीदादा, तुम्ही हात लावलात, फार बरं केलंत.
आजोबा, तुम्ही हो म्हणालात, फार बरं केलंत.
आजी, तू शोधलंस, फार बरं केलंस.
मांजरमावशी, तू उठलीस, फार बरं केलंस."

हे शेवटचं तिने लांबूनच म्हटलं. गुंडी भिंतीवरून म्हणाली, बरं बरं, आता जरा तिकडे सरक.

एक जण राहिला. कोण राहिला?

पाचवा नट. तो गोटीत अडकून बसला होता. डोकं चेपलं होतं. अंगाला चरे पडले होते. आता त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता. चुंद्री चारही पिल्लांना घेऊन त्याच्याजवळ गेली.

"नटा," ती म्हणाली, "तुझं डोकं चेपलं. तरी तू सुटलास. माझं पिल्लू तुझ्यामुळे मिळालं."

"मी आजवर नुसतं धरून ठेवलं," तो म्हणाला. "सोडल्यावर मला पहिल्यांदाच कोणी चांगलं म्हणालं."

आजोबांनी ते ऐकलं. त्यांनी मिस्त्रींना सांगितलं, त्याला टाकू नको. मग नट पुसला. गोटीसकट खिशात ठेवला. इतकी वर्षं चाक राखलंस रे बाबा, असं काहीतरी पुटपुटले. मिस्त्रींना दुसरी गोटी ते आणून देणार आहेत.

मिस्त्रींनी स्टेपनी बसवली. म्हणजे डिकीतलं जादा चाक. पाचव्या नटाच्या जागी साधा नट लावला. चावी नको, कुलूप नको, कोणत्याही पान्याने सुटतो असा.

आजीने मोरीपाशी भाकरीचा तुकडा ठेवला. चुंद्रीची आगगाडी अंगणातून निघाली. अगदी मधून. कोणी शुक शुक केलं नाही. कोणी झाडू उगारला नाही. आजोबांनी तर पाय वर घेतले, तिला वाट मिळावी म्हणून.

एक, दोन, तीन, चार.

तुरु तुरु तुरु. चुक चुक चुक. गेली भोकात.

मी घरी आले, तर भिंतीपलीकडे बायका अजून बोलतच होत्या. चाक म्हणे कापलं. आणि आजोबा गाडी म्हणे भंगारात घालणार.

आता मला पूर्ण ऐकू आलं. मी भिंतीवरून डोकं वर काढलं आणि सांगितलं. चाक कोणी कापलं नाही. चेपलं ते एका नटाचं डोकं. गाडी भंगारातही जात नाही. ती पाहा, निघाली पंक्चर काढायला, पुढे मिस्त्री आणि आजोबा बसलेत.

"मग काहीच खरं नाही?" त्यांनी विचारलं.

"थोडं आहे," मी म्हटलं. "चाकात कोणीतरी अडकलं होतं. ते आता घरी गेलं."